साउथ आफ्रिकन रेड : दहा ते पंधरा पौंडांत पैसे वसूल कुठे होतात

प्रश्न थोडक्यात असा होता की तुम्ही यूकेत राहता, सुपरमार्केटातून साउथ आफ्रिकन रेड उचलता कारण ती बरी आणि स्वस्त असते, पण एक बाटली झकास निघते आणि पुढची एकतर जळक्या रबराच्या वासाची नाहीतर नुसता जॅम. मग दहा-पंधरा पौंडांत भरवशाचं काय घ्यावं, पिनोटाज या तिथल्या खास द्राक्षाच्या वाइनच्या वाटेला जावं का, आणि घरी मटण केलं तर यातलं काही चालेल का. मी रेस्टॉरंटांच्या यादीसाठी वाइन निवडायचं काम करते, त्यात केपच्या, म्हणजे साउथ आफ्रिकेच्या नैऋत्य टोकाकडच्या, वाइन्स गेली बरीच वर्षं सतत चाखते, त्यामुळे जरा लांबण लावणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी पैशाचं बोलू, कारण अर्धं उत्तर तिथेच आहे. सात पौंडांची बाटली घेऊ नका. यात शिष्टपणा काही नाही, साधा हिशोब आहे. यूकेत ड्यूटी लागते ती अल्कोहोलवर, किमतीवर नाही. साउथ आफ्रिकन रेड बहुतेक १४ टक्क्यांच्या आसपास असते, त्यावर बाटलीमागे ३ पौंडांच्या थोडी वर ड्यूटी जाते, मग वाइन सातची असो की सत्तरची. वर २० टक्के व्हॅट. म्हणजे सातच्या बाटलीत सरकारचं देऊन साधारण पावणेतीन पौंड उरले, त्यात काच, झाकण, लेबल, जहाजाचं भाडं, दुकानदाराचा नफा, आणि या सगळ्यातून काही शिल्लक राहिलं तर द्राक्षं! तेच तेरा पौंडांच्या बाटलीत हाच हिशोब केला तर साडेसातच्या वर उरतात. किंमत दुप्पटही झाली नाही पण वाइनसाठी उरलेला पैसा जवळजवळ तिप्पट. म्हणून मी सगळ्यांना सांगते, आठवड्यात दोन स्वस्त बाटल्या आणण्यापेक्षा एक तेराची आणा. पंचवीसच्या वरही केपमध्ये फार सुंदर वाइन्स आहेत पण तुमच्या बजेटात त्यांची गरज नाही, कारण या देशाची खरी ताकद ११ ते १५ या पट्ट्यात आहे, आणि या किमतीत फ्रान्सचं बोर्दो जे देतं ते बघून मला तरी बऱ्याचदा वाईट वाटतं.

आता हे तिथेच का स्वस्त पडतं. एक तर तिथलं चलन रँड, जो पौंडासमोर वर्षानुवर्षं घसरत आलाय. दुसरं म्हणजे जुना इतिहास. १९१८ मध्ये केडब्ल्यूव्ही नावाची शेतकऱ्यांची मोठी सहकारी संस्था उभी राहिली, तिने भाव बांधून दिले, कोणी कुठे किती लावायचं याचा कोटा ठरवला, जास्तीचा माल ब्रँडी आणि स्पिरिटकडे वळवला, त्यामुळे शेतकऱ्याला चांगली द्राक्षं पिकवण्यापेक्षा टनभर जास्त पिकवण्यात फायदा होता. कोटा उठला १९९२ मध्ये. त्याच सुमाराला वर्णभेदाच्या काळातले निर्बंधही सुटायला लागले आणि मग कुठे जगाची वाइन चाखून आलेली तरुण मंडळी कामाला लागली. म्हणजे केपची पहिली वाइन २ फेब्रुवारी १६५९ ला पिळली गेली, तिथली डच वसाहत वसवणाऱ्या यान फान रीबेकच्या डायरीत तशी नोंद आहे, पण आजच्या अर्थाने चांगल्या रेडचा इतिहास जेमतेम तीस-पस्तीस वर्षांचा. नाव व्हायला वेळ लागतो आणि नाव होईपर्यंत किंमत वाढत नाही, हा मधला काळ आपल्यासारख्या पिणाऱ्यांचा.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती मी गिळून टाकणार नाही. निम्म्याहून जास्त निर्यात आजही बल्कमध्ये होते, म्हणजे कंटेनरमध्ये मोठी प्लॅस्टिकची पिशवी, त्यात चोवीस हजार लिटरच्या आसपास वाइन, आणि इथे येऊन बाटलीत भरणं. त्यात वाइन खराब होते असं नाही, वर्षभरात प्यायची असेल तर काही फरक पडत नाही, पण त्या किमतीत शेतावरच्या मजुराच्या हातात काय पडत असेल हा विचार करा. केपमध्ये पूर्वी मजुरीचा काही भाग वाइनमध्येच द्यायची पद्धत होती, डॉप म्हणायचे तिला, कायद्याने बंद झाल्यावरही ती बरीच वर्षं चालू राहिली आणि त्याने खेड्यांमधल्या पिढ्या बरबाद झाल्या. आज फेअरट्रेडच्या, म्हणजे पिकवणाऱ्याला रास्त मोबदल्याची हमी देणाऱ्या शिक्क्याच्या, वाइन्स सगळ्यात जास्त याच देशातून येतात आणि वायेटा म्हणून मजुरांच्या परिस्थितीची तपासणी करणारी संस्था २००२ पासून आहे. यातला कुठलाही शिक्का दिसला तर मी तेवढा पन्नास पेन्स जास्त देते.

बरं, आता बाटल्या. माझा पहिला नियम म्हणजे मोठ्या घराण्याची धाकटी बाटली घ्या. केपटाउनजवळच्या स्टेलेनबॉश या वाइनच्या नावाजलेल्या भागात सिमोन्सबर्ग डोंगराच्या पायथ्याशी कानोनकॉप म्हणून इस्टेट आहे, त्यांची पॉल सावर ही तिथल्या सगळ्यात मानाच्या रेड्सपैकी, २०१५ च्या पॉल सावरला टिम ॲटकिन या ब्रिटिश समीक्षकाने शंभरपैकी शंभर दिले. ती आपल्याला परवडायची नाही. पण त्याच लोकांची कडेट आहे, पिनोटाज, कॅबर्ने, मर्लो, कॅबर्ने फ्राँ अशा द्राक्षांचं मिश्रण, तेरा-चौदाच्या आसपास मिळते, आणि करणारे हात तेच. मला विचाराल तर साउथ आफ्रिकन रेड म्हणजे काय हे एका बाटलीत कळायचं असेल तर ही. तसंच मीअरलस्ट. त्यांची रुबिकॉन १९८० पासूनची, बोर्दो पद्धतीची, महाग, पण साधी मीअरलस्ट रेड कुठे दिसली तर सोडू नका. ग्लेनेली म्हणून अजून एक, बोर्दोतल्या शातो पिशाँ लालांद या नामांकित इस्टेटच्या तेव्हाच्या मालकीणबाई मे-एलियान द लांकसॅंग यांनी सत्तरी उलटल्यावर २००३ मध्ये स्टेलेनबॉशला जमीन घेऊन सुरू केलेली (त्या वयात आपण गुडघ्याला तेल लावत बसतो), त्यांच्या ग्लास कलेक्शनमधली कॅबर्ने किंवा सिरा (म्हणजेच शिराझ) घ्या, बाईंना काचेच्या वस्तू जमवायचा नाद म्हणून हे नाव. कॅबर्ने त्या पैशात इतकी नेटकी, ताणून बसवलेली क्वचित मिळते.

स्टेलेनबॉशची कॅबर्ने का जमते तर समुद्र जवळ. फॉल्स बे हा उपसागर हाकेच्या अंतरावर, उन्हाळ्यात दक्षिण-पूर्वेचा जोरदार वारा सुटतो ज्याला तिकडे केप डॉक्टर म्हणतात, त्याने वेली गार राहतात, रोगही कमी पडतात, आणि डोंगरउतारावर कुजलेल्या ग्रॅनाइटची माती जी पाणी धरते पण तुंबू देत नाही. त्यामुळे द्राक्ष पिकतं पूर्ण, पण उकडून निघत नाही. थोडं आत, डोंगरापलीकडे रॉबर्टसनला गेलात की ऊन वाढतं आणि जमिनीत चुना येतो, तिथे एक्सेलसिअरची कॅबर्ने नऊ-दहाच्या घरात मिळते आणि स्प्रिंगफील्डची होल बेरी कॅबर्ने थोडी वर. बजेट एकदमच ताणलेलं असेल तर एक्सेलसिअर, या किमतीत मी अजून हिच्याएवढी सरळ बाटली दुसरी दाखवू शकत नाही.

पिनोटाज. हा विषय निघाला की दोन तट पडतात. १९२५ मध्ये स्टेलेनबॉश विद्यापीठाचे प्राध्यापक अब्राहम पेरोल्ड यांनी पिनो न्वार आणि सँसोचा संकर केला, चार बिया लावल्या, पुढे नोकरी बदलून गेले, घरामागची बाग रानटी झाली आणि साफसफाईत ती रोपं फेकलीच जायची, पण विद्यापीठातल्या एका तरुण शिक्षकाच्या लक्षात आलं म्हणून वाचली. लेबलवर पिनोटाज हे नाव छापलेली पहिली वाइन लॅन्झरॅकची, १९५९ च्या हंगामाची, बाजारात आली १९६१ मध्ये. पिनो न्वारचा नाजूकपणा आणि सँसोचा दणकटपणा येईल असं वाटलं होतं, आला भलताच गडद आणि आडदांड पोरगा. त्याची अडचण अशी की द्राक्ष लवकर पिकतं, आंबवताना वेगाने तापतं, आणि लक्ष नाही दिलं तर केळ्याचा किंवा नेलपॉलिशचा वास धरतं. म्हणून पिनोटाज वाईट नाही, बेफिकीर माणसाने केलेली पिनोटाज वाईट. बेयर्स ट्रुटर हे पूर्वी कानोनकॉपला वाइनमेकर होते, तिथेच त्यांनी पिनोटाजला प्रतिष्ठा मिळवून दिली आणि स्वतःचं बेयर्सक्लूफही उभं केलं. तिथली साधी पिनोटाज दहा पौंडांच्या आगेमागे मिळते, पहिली पिनोटाज म्हणून डोळे झाकून घ्या, जांभूळ, आलुबुखार, थोडा धूर, आणि घशाला टोचत नाही. ही आवडली नाही तर पिनोटाज तुमच्यासाठी नाही, पुढे पैसे घालू नका.

लेबलवर कॉफी, मोका, चॉकलेट असे शब्द दिसले तर काय समजायचं ते सांगते. २००१ मध्ये डीमर्सफोंटेनने कॉफीच्या वासाची पिनोटाज काढली, ती तुफान चालली आणि मग सगळ्यांनी काढल्या. वाइनमध्ये कॉफी घातलेली नसते, विशिष्ट यीस्ट आणि खूप भाजलेलं ओकचं लाकूड याने तो वास येतो. लोकांना आवडते, पार्टीत पटकन संपते, पण मला दुसऱ्या ग्लासाला कंटाळा येतो आणि द्राक्ष कुठलं होतं हेच विसरायला होतं. चॉकलेट ब्लॉक नावाची बाटली मात्र यात मोजू नका, ती बूकेनहाउट्सक्लूफची, सिरावर आधारलेलं व्यवस्थित मिश्रण आहे, नाव तेवढं गोड, आणि किंमत पंचवीसच्या आसपास गेल्यामुळे आपल्या पट्ट्याबाहेर. पण याच घरच्या पॉर्क्युपाइन रिज सिरा आणि वुल्फट्रॅप या दोन बाटल्या दहाच्या आसपास मिळतात, वुल्फट्रॅपमध्ये सिरा, मूर्वेद्र आणि चिमूटभर व्हिऑन्ये, जी खरं तर पांढरी द्राक्षं, त्याने वास खुलतो. सुपरमार्केटच्या शेल्फवर घाईत उचलायची असेल तर वुल्फट्रॅप.

आता तो जळका रबर. तुमचं नाक चुकत नाहीये. २००० च्या दशकाच्या शेवटी ब्रिटिश समीक्षकांनी याच वासावरून केपच्या रेड्सना चांगलं झोडपलं होतं, तिकडची मंडळी भडकली, मग विद्यापीठात चाचण्याही झाल्या. एकच एक कारण निघालं नाही. वाइन तयार होताना हवा कमी मिळाली की गंधकाचे काही वास तयार होतात हा एक भाग, आणि दुसरा भाग वेलींच्या तब्येतीचा. केपमध्ये लीफरोल नावाचा व्हायरस फार पसरलेला होता, शरद ऋतूत पानं लालभडक होतात, पर्यटक फोटो काढतात, पण तो रोग आहे, त्याने द्राक्षात साखर नीट भरत नाही, मग चव एका बाजूने कच्ची हिरवी आणि दुसऱ्या बाजूने शिजवल्यासारखी. आणि हा व्हायरस पसरवतो कोण तर पिठ्या ढेकूण, जो नाशिक-सांगलीच्या द्राक्षवाल्यांना वेगळा सांगायला नको. व्हर्जेलेजनसारख्या इस्टेटींनी सगळ्या रोगट वेली उपटून नवीन लावल्या, मुंग्या आणि पिठ्या ढेकणावर नजर ठेवली, आणि तिथून चित्र बदललं. आज दहाच्या वरच्या बाटलीत तो वास क्वचित येतो. आलाच तर ओतून टाकू नका, जगमध्ये ओता, अर्धा तास ठेवा, गंधकाचा असेल तर बराचसा उडून जातो.

मला स्वतःला प्यायला सगळ्यात जास्त मजा येते ती स्वार्टलँडच्या रेड्समध्ये. केपटाउनच्या उत्तरेला तासाभरावर, गव्हाचा मुलूख, कोरडा, उन्हाने भाजलेला, आणि मधेच पार्डेबर्गसारखे ग्रॅनाइटचे डोंगर. पूर्वी इथली द्राक्षं थेट सहकारी कारखान्यात जायची, कोणी नाव विचारत नव्हतं. मग एबेन सादी या वाइनमेकरने २००० च्या हंगामापासून कोलुमेला नावाची रेड काढली आणि लोकांना कळलं की इथे ठिबकशिवाय, बुटक्या झुडपासारख्या वाढलेल्या जुन्या वेली पडून आहेत. कोलुमेला महाग, विसरा. पण आदी बाडेनहॉर्स्टची सेकेटर्स रेड आणि मल्लीन्यू यांची क्लूफ स्ट्रीट या दोन्ही तेरा ते पंधरा-सोळाच्या दरम्यान येतात आणि त्यात सिरा, सँसो, ग्रेनाश असं काहीबाही मिसळलेलं असतं, वर्षागणिक प्रमाण बदलतं. चव स्टेलेनबॉशच्या अगदी उलट, काळी मिरी, लाल फळं, वाळलेल्या झुडपांचा वास, लाकूड जवळजवळ नाही, अंगावर येत नाही. सँसो एकटी दिसली तर तीही घ्या. हे द्राक्ष वर्षानुवर्षं स्वस्त मिश्रणात भर म्हणून वापरलं गेलं, कोणी लेबलवर लिहायचं नाही, आता जुन्या वेलींची सँसो म्हणून मिरवतात, आणि मिरवावंच.

लेबल वाचायचं म्हणाल तर द्राक्षाच्या नावाआधी गावाचं नाव बघा. १९७३ पासून तिकडे वाइन ऑफ ओरिजिन ही पद्धत आहे, ज्या भागाचं नाव लिहिलंय तिथलीच शंभर टक्के द्राक्षं पाहिजेत, द्राक्षाची जात आणि वर्ष यांना मात्र ८५ टक्के पुरतात. वेस्टर्न केप म्हणजे हापूसच्या पेटीवर नुसतं महाराष्ट्र लिहिण्यासारखं, स्टेलेनबॉश किंवा स्वार्टलँड लिहिलं की जिल्हा कळला, आणि सिमोन्सबर्ग-स्टेलेनबॉश किंवा पोल्काड्राई हिल्स असं काही दिसलं की अगदी तालुका-गावापर्यंत पोचलात. अपवाद असतात, वुल्फट्रॅप वेस्टर्न केपचीच आहे, पण अनोळखी बाटली असेल तर हीच खूण धरा. मानेवर एक छोटी कागदी पट्टी असते, ती सरकारमान्य तपासणीची, त्यावर नंबर असतो. इथे येऊन भरलेल्या बल्कच्या बाटलीवर ती बहुधा नसते. अजून एक पट्टी शोधायचीच तर सर्टिफाइड हेरिटेज व्हाइनयार्ड्स, रोझा क्रुगर या बाईंनी जुन्या वेली शोधून, यादी करून वाचवल्या, त्या ओल्ड व्हाइन प्रोजेक्टची. ३५ वर्षं किंवा त्याहून जुन्या वेली असतील तरच मिळते आणि वेली कुठल्या साली लावल्या तेही छापलेलं असतं. जुन्या वेलीला फळ कमी लागतं, शेतकऱ्याला परवडत नाही, उपटून संत्री लावतो, त्यामुळे या पट्टीला जरा जास्त पैसे मिळणं हेच त्या वेलींचं आयुष्य आहे.

नुसत्या ‘रिझर्व्ह’ या शब्दावर जाऊ नका, जड बाटलीवर जाऊ नका (काच पिता येत नाही), स्वस्त मर्लो तर अजिबात नको, पाणी कमी पडलं की मर्लो लगेच रुसते आणि वाइन हिरवी लागते. पिळायचं झाकण असेल तर नाक मुरडू नका. केप ब्लेंड या शब्दाला कायद्यात व्याख्या नाही, साधारण समज असा की त्यात पिनोटाज ठीकठाक प्रमाणात असावी. आणि वर्षाचं फार मनावर घेऊ नका, २०१५ आणि २०१७ फार चांगली गेली, २०२१ चा उन्हाळा गार होता म्हणून त्यातल्या वाइन्स छान ताज्या आहेत, पण या किमतीत दोन ते पाच वर्षं जुनी बाटली घेतली की पुरे. कडेट आणि ग्लेनेली मात्र आणखी काही वर्षं सहज थांबतात.

मटण. इथे बहुतेक लोक जी सगळ्यात दणकट बाटली असेल ती काढतात, आणि तिथेच गडबड होते, कारण तिखट आणि तुरट एकत्र आले की दोन्ही वाढतात, वर १४.५ टक्के अल्कोहोल म्हणजे घसा जळतोच. कोल्हापुरी तांबडा रस्सा असेल तर कॅबर्ने कपाटात ठेवा. सँसो किंवा सेकेटर्स घ्या आणि प्यायच्या आधी अर्धा तास फ्रिजमध्ये टाका, रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हे जुन्या थंड घरांसाठी ठीक होतं, हीटिंग लावलेल्या घरात ती कोमट सूप होते. सुकं मटण, खिमा, किंवा कमी तिखट पण खोबरं-गरम मसाल्याचं काही असेल तर वुल्फट्रॅप, पॉर्क्युपाइन रिज, पिनोटाज सगळं चालतं. बार्बेक्यूवर चॉप्स टाकणार असाल तर पिनोटाजच, तिकडे ब्राय म्हणजे लाकडाच्या निखाऱ्यावरचं मांस हा घराघरातला कार्यक्रम आहे आणि ही वाइन त्या धुराबरोबरच मोठी झाली. पांढरा रस्सा असेल तर खरं सांगू, रेड नकोच, त्यांचीच शेनां ब्लां ही पांढरी वाइन आणा, पण तो वेगळा विषय.

शेवटी तुम्ही विचारलं नव्हतं पण भारतात आईवडिलांकडे न्यायचं म्हणून कोणीतरी विचारेलच. तिथे हिशोब उलटा होतो. भारतात आयात वाइनवर केंद्राचाच कर दीडशे टक्क्यांच्या घरात, वर राज्याचं वेगळं, आणि हा कर किमतीच्या टक्केवारीत आहे, त्यामुळे यूकेत तेराला मिळणारी कडेट मुंबईत पैसे वसूल अजिबात नाही, त्या पैशात नाशिकची चांगली शिराझ घ्या. पण विमानाने येताना माणशी दोन लिटर दारू करमाफ आणता येते, आणि ती मर्यादा लिटरची आहे. म्हणजे दोन बाटल्या आरामात, तिसरी घातलीत तर सव्वादोन लिटर होतात आणि कस्टमवाल्याशी बोलत बसावं लागेल. तेव्हा त्या दोन जागा वुल्फट्रॅपने अडवू नका, तिथे रुबिकॉन किंवा पॉल सावरच न्या, चेक-इनच्या बॅगेत, टॉवेलात गुंडाळून, मधोमध ठेवून, आणि मुंबईच्या उन्हाळ्यात पोचणार असाल तर घरी गेल्याबरोबर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आडवी टाका, शोकेसमध्ये नको.